जीपच्या टपावरचा मांडव

सक्करदरा, नागपूर
मंगळवार, ता. १९ फेब्रुवारी १९७४

श्रीयुत वामनरावजी यांसी मनोहररावाचा कृतानेक नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. आपला गुडघा कसा आहे? मौद्याला अजून थंडी असेल तर जिना चढू नये. आपल्या भगिनीची प्रकृती उत्तम असावी; ती सकाळपासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. आपली भाची चि. जयवंता हिची बी.एस्सी.ची परीक्षा दीड महिन्यावर आली. तिचे रामटेकचे स्थळ, जे आपणच सुचवले होते आणि जिथून परवा रविवारी होकार यायचा होता, ते मात्र हातचे गेल्यात जमा आहे. त्याला कारण आमची जीप. यात माझा दोष किती, हे आपण पत्र शेवटपर्यंत वाचून ठरवावे, मधेच ठरवू नये.

उन्हाळ्यात सहकुटुंब नवेगावच्या तळ्याकाठी चार दिवस मुक्काम करावा, हा माझा जुना बेत आपणास ठाऊक आहे, आणि मला सापाची भीती वाटते हेही ठाऊक आहे. (विंचवाचीही वाटते, ते बोललो नव्हतो.) जमिनीवर तंबू ठोकून मला डोळा लागायचा नाही. गेल्या महिन्यात रामदासपेठेत दाताच्या डॉक्टरांकडे बसलो असता एका विलायती मासिकात चित्र पाहिले. मोटारीच्या टपावर तंबू, त्याला शिडी, आणि वर एक कुटुंब निवांत चहा पीत बसलेले. खाली साप असलेच तर ते चित्रात आले नव्हते. दाढ उपटली जात असताना माझ्या डोक्यात तो तंबूच होता. शेतात आपण मचाण बांधतो, त्याला चाके लावायची, यापलीकडे त्यात काही नाही, असे मला त्या खुर्चीत वाटले.

लिलावातल्या आमच्या जीपला पत्र्याचा टप मी मागेच करून घेतला आहे. त्यावर कॅरिअर बसवायला मिस्त्रीने चार भोके पाडायला घेतली. पहिले पडताना मला घेरी आली, म्हणून उरलेली तीन माझ्या गैरहजेरीत पडली, आणि ती एका रेषेत नाहीत. तंबू शिवून देणारा तर कोणी मिळेना. शेवटी आमच्याच ओळीतले रुपराव मंडपवाले तयार झाले. या गृहस्थांनी तीस वर्षे लग्नाच्या मांडवाखेरीज दुसरे काही उभे केलेले नाही. मिस्त्रीने माप फुटांत घेतले होते, यांनी ते हातांत घेतले (आणि रुपरावांचा हात लांब आहे), त्यामुळे तंबू उघडला की बॉनेट झाकून थेट आमच्या फाटकावर येतो. कापड खाकी हवे असे मी बजावले होते. आली ती लाल-पिवळी कनात, कडेने झालर. रुपराव म्हणाले, "खाकी कपडा मी मांडवाले कधी लावला नाही साहेब, अन् लावणारही नाही."

शनिवारी तंबू चढला. मी बाहेर येऊन पाहतो तो बंपरला उंबराची फांदी, शिडीला आंब्याचे तोरण आणि चारी बांबूंना जांभळीच्या डहाळ्या. मी विचारले, तर उत्तर आले, "मांडव घालून बोडखाच सोडून गेलो, असं माह्या हातून नाही होत." ज्याने डहाळी बांधली त्यानेच ती सोडायची, ही त्यांच्या धंद्याची रीत, सोमवारी येऊन सोडतो म्हणाले आणि एका लग्नाच्या कामाला उमरेडला निघून गेले, ते अजून परतलेले नाहीत. आता माझी अवस्था पाहा. घरात लग्नाची मुलगी, उद्या तिला होकार द्यायला पाहुणे येणार, आणि आदल्या दिवशी मी आपल्या हाताने मांडवाची डहाळी तोडायची? माझा हात उंबराच्या फांदीपर्यंत दोनदा गेला आणि दोनदा परत आला. डहाळ्या काढल्याशिवाय तंबू मिटत नव्हता. तो तसाच राहिला.

आपल्या भगिनीने, इंदूने, लुगडे नेसून शिडी चढायला साफ नकार दिला. जयवंता मात्र पुस्तके घेऊन वर गेली ती जेवणापुरतीच खाली येते. तिथे अभ्यास बरा होतो म्हणते. रविवारी सकाळीच शेजारच्या यमुताई येऊन रुसल्या, "काहून वं इंदुताई, पोरीचं लगन काढलं अन् आमाले सांगतलंही नाही?" त्यांची समजूत काढता काढता अर्धा तास गेला. खरे तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी संत्र्याच्या बर्फीच्या काळजीत होतो.

ती आणायला मी सीताबर्डीला गेलो. इंदू मागे स्वयंपाकघरात वड्या तळत होती. दुपारी चारपर्यंत वाट पाहिली, पाहुणे आले नाहीत. बस बंद पडली असेल, उलटली असेल, असे नाही नाही ते मनात आले. आज सकाळी मुलाच्या वडिलांचे, मारोतरावांचे, कार्ड आले. लिहितात, "आपल्या दारचा मांडव पाहिला. चौकशी करता कन्येचे लग्न ठरल्याचे कळले. आम्हांस आधी कळवले असते तर फेरा वाचला असता. असो. शुभाशीर्वाद."

वामनरावजी, असे स्थळ पुन्हा मिळेल का? घरचे धान, स्वतःची राइस मिल, आणि मुलगा इतका शांत की मागच्या खेपेला दोन तासांत तो एवढेच बोलला, "तुमचं घड्याळ बरोबर आहे का?" मला राहून राहून वाटते की पोरीच्या आयुष्याचे मी एका तंबूपायी वाटोळे केले. चौकशी करता कळले म्हणजे कोणाकडून कळले? माझा संशय समोरच्या चंद्रभानवर आहे. त्याच्याशी मी आजपासून बोलणे बंद केले आहे. (त्याच्या ते अजून लक्षात आलेले नाही.)

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जावा.

आपला,
मनोहर

ता. क. आपण उद्याच्या उद्या रामटेकला जाऊन मारोतरावांना सांगावे की तो मांडव नसून तंबू आहे. साप हा विषय काढू नये, मुलीचा बाप भित्रा आहे असे दिसते.

दुसरा ता. क. चंद्रभान रविवारी दिवसभर वर्ध्याला होता, असे आत्ताच समजले. मग सांगितले कोणी?

मामाजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडे दिले, म्हणून खाली हे लिहिते. रविवारी मी वर तंबूतच होते. मारोतरावांनी खालून विचारले, "कोणाचं लगन आहे इथं?" मी कनातीआडूनच सांगितले, "इथल्याच पोरीचं. ठरलं." मागच्या खेपेला बाबा आत चहाचे पाहायला गेले, तेव्हा मारोतराव मला म्हणाले होते, राइस मिलला बी.एस्सी. लागत नाही, परीक्षेला नाही बसली तरी चालेल. बाबांना मी हे बोलले नाही, ते घाबरतात. तुम्ही रामटेकला जाऊ नका. पेपर संपले की मी स्वतः बाबांना सांगेन, त्या दिवशी मात्र तुम्ही इथे असा. शिडी भक्कम आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. आणि आमचे घड्याळ बरोबर होते.

तुमची जयवंता