हॅगर्टीचं कोपर

२१ एप्रिल १९५५, डेव्हनपोर्ट, आयोवा
बेसबॉलच्या सीझनचे पाच सामने झाले. एकातही खेळवलं नाही. मॅनेजर हॅगर्टी मला राखून ठेवतो आहे. पंधरा मेपर्यंत प्रत्येक संघाने एक माणूस कमी करायचा, असा लीगचा नियम. संघातली पोरं घाबरली आहेत. त्यांना धीर दिला.
ठराव: रोज शंभर वेळा बॅट फिरवणे.

२२ एप्रिल
थंडी. चाळीस वेळा फिरवली. आमचा कॅचर नोवाक म्हणाला, आजोबा, बाकाखाली शेकोटी पेटवू का? हसलो. संघात खेळीमेळी हवी.

२४ एप्रिल, संध्याकाळ
पिओरियाविरुद्ध सामना. शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये आम्ही ३-४ ने मागे. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमची माणसं, बाद कोणी नाही. हॅगर्टीने मला बॅटिंगला पाठवलं. अपेक्षितच होतं.

तो तिसऱ्या बेसजवळ उभा राहून खुणा करतो. टोपीनंतर बेल्टला हात लावला, की चेंडू नुसता बॅटने टेकवायचा. आपण बाद झालो तरी धावणारे पुढे सरकतात. त्याने टोपीला हात लावला. मग बेल्टला. मग कोपर खाजवलं. कोपर म्हणजे आधीचं सगळं रद्द.

पूर्ण ताकदीने मारला. सणसणीत. सरळ दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या शॉर्टस्टॉपच्या हातात. धावणारे दोघे केव्हाच सुटले होते, परतेपर्यंत तेही बाद. एका चेंडूत तिघं बाद, म्हणजे डाव खलास. सामना संपला.

फटका मात्र उत्तम होता. हातभर डावीकडे गेला असता तर जिंकलो होतो.

२५ एप्रिल
नोवाकने विचारलं, तू नक्की कोणती खूण पाहिलीस? कोपर, म्हटलं. तो म्हणाला, ते तुझ्या गेल्या वर्षीच्या संघात, इथे रद्द करायला कान धरतात. हॅगर्टीला फक्त खाज सुटली होती. मी म्हटलं, मग मॅनेजरने खाजवू नये.
हे हॅगर्टीला योग्य वेळी सांगायचं.

२६ एप्रिल
बायकोला, लॉरेनला फोन केला. सामना तिने रेडिओवर ऐकला होता. बॅटचा आवाज कसा आला, विचारलं. चांगला आला, म्हणाली. मग तिच्या भावाच्या मक्याच्या गोदामात नोकरीची जागा आहे, म्हणाली. सीझन संपल्यावर बघू, म्हटलं. बायकांना घाई असते.

४ मे
खेळवलं नाही. बॅट बारा वेळा. पाठ दुखते.

११ मे
खेळवलं नाही. हॅगर्टी माझ्याशी बोलत नाही. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याशी फार बोलावं लागत नाही.
योग्य वेळ अजून आली नाही.

१४ मे, सकाळी १०
हॅगर्टीने ऑफिसात बोलावलं. कोपराचा विषय काढणार होतो. त्याने कागद पुढे सरकवला. सही केली. गणवेश ठेवून जा, बूट तुझे आहेत, म्हणाला. मोज्यांचं विचारलं. तुझ्याकडेच राहू देत, म्हणाला.

माझ्या जागी येईल त्याला इथलं मैदान समजावून द्यायला दोन दिवस थांबतो, असं सुचवलं. हॅगर्टी म्हणाला, तुझ्या जागी कोणी येणार नाही.