दार लोटू नका

॥ श्री ॥
विलेपार्ले,
१४ नोव्हेंबर १९५२

ती. वन्संस,
रत्नप्रभेचे शि. सा. न. वि. वि.

तार पोचली असेलच. हे गेल्या आठवड्यात सुखरूप घरी आले. बोट दिवाळीत लागायची ती लांबली, फराळ मऊ पडला, चकल्या पुन्हा तळून काढल्या. धक्क्यावर मी आणि माणिक उभ्या होतो. माणिक सारखी म्हणत होती की आई, बाबा कोणते ते दाखव ना, आणि वन्सं, मला दाखवता येईना. ती पोटात असताना हे मलायाला गेले, रबराच्या मळ्यावर कंपाउंडर म्हणून. आज ती चौदाची आहे. शेवटी गर्दीतून त्यांनीच मला हाक मारली.

प्रकृती बरी आहे. केस सगळे पिकलेत. चाळीतले झाडून सारे भेटून गेले. त्यांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. हे हसतात आणि तिकडे अननस किती गोड असतात ते सांगतात. जपान्यांनी मळ्यावरून धरून सयामच्या रानात रेल्वे बांधायला नेलं होतं, एवढं आपल्याला लढाई संपल्यावरच्या पत्रातून कळलं. त्यापुढचं एक अक्षर मलाही ठाऊक नाही. लढाई संपून इतकी वर्षं झाली, मग आत्ताच का आलात, हेही मी विचारलेलं नाही. दर वर्षी पुढच्या वर्षी येतो म्हणून पत्र यायचं, ते तुम्हाला माहीतच आहे.

काही गोष्टी फक्त तुम्हालाच लिहिते. घराचं दार लावू देत नाहीत. कडी राहू दे, नुसतं लोटलेलंही चालत नाही. अंथरूण गॅलरीत घालतात. पान उंबऱ्याशी मांडून घेतात, आणि अर्धी पोळी खिशात जाते. कपडे धुताना हाताला लागते. माणिकला हसू येतं, मग ती माझ्या तोंडाकडे बघते आणि हसू गिळते. घरात माणूस आलं आणि घर आणखी गप्प झालं.

भावोजींच्या गुडघ्याला आराम असावा. माझ्यावरची माया अशीच असू द्यावी.

आपली,
रत्नप्रभा


॥ श्री ॥
देवरूख,
२५ नोव्हेंबर १९५२

चि. सौ. रत्नप्रभा हीस माईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी देवापुढे साखर ठेवली. पोळी खिशात ठेवतो हे वाचून तू घाबरलीस? अगं, लहानपणी माझ्या पानातली पळवायचा, आता स्वतःच्या पानातली घेतोय, म्हणजे सुधारलाच म्हणायचा!

चेष्टा सोड. तू त्याला पाहुण्यासारखा वागवतेस की काय? माणसाला त्याच्या आवडीच्या जागी नेऊन बसवावं, म्हणजे ते आपोआप खुलतं. आणि जयवंताची आवड मी तुला सांगायला नको. एकदा नाटक मंडळींच्या गाडीत पेटाऱ्यांमागे लपून थेट संगमेश्वरापर्यंत गेला होता. आमच्या वडिलांनी मार मार मारला, तर मार खातानाही राजाचं भाषण म्हणत होता. माणिक शाळेच्या संमेलनात काम करते आहे असं तिनं लिहिलं होतं. घेऊन जा त्याला, पुढच्या रांगेत बसव. पडदा वर जाऊ दे, तुझा नवरा जागा होतो की नाही बघ.

कुळथाचं पीठ आणि आमसुलं श्यामकांत मास्तरांबरोबर पाठवते आहे. चिमटीभर जास्त घाल, तिकडच्या पाण्यानं त्याची चव मेली असेल.

कळावे. देव आहे, आणि मीही आहे.

तुझी,
माई


॥ श्री ॥
विलेपार्ले,
२४ डिसेंबर १९५२

ती. वन्संस,
रत्नप्रभेचे शि. सा. न. वि. वि.

पीठ, आमसुलं मिळाली. तुमच्या सांगण्याप्रमाणे शनिवारी ह्यांना संमेलनाला नेलं. यायला कुरकुर केली नाही. मीच इस्त्री केलेला सदरा घातला. माणिक कापसाच्या मिशा लावून कंजूष आजोबा झाली होती आणि तिच्या पहिल्याच वाक्याला हशा झाला. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर कपाळावर घाम. बाहेरची पोरं गलका करत होती म्हणून कुणीतरी मागची दारं ओढून घेतली आणि आतले दिवे मालवले. तेवढ्यात हे उठले. खुर्च्या पाडत दाराकडे धावले, दारं सताड उघडली, आणि कुठल्याशा मद्रासी भाषेत ओरडायला लागले. बायका-पोरांना हाताला धरधरून बाहेर काढत होते. लोकांना वाटलं आग लागली. एकच चेंगराचेंगर झाली, एका बाईंचा पाय मुरगळला. पडदा पाडला. माणिक मिशांसकट विंगेत उभी राहून रडत होती.

मी बाहेर आले तोवर हे नाहीसे झाले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेल्वेचा एक मुकादम ह्यांना घरी घेऊन आला. जोगेश्वरीच्या पुढे रुळांची दुरुस्ती चालू आहे. हे सकाळी तिथं गेले आणि कुणी न सांगता गँगमनांबरोबर खडी ओढायला लागले. मुकादम सांगत होता की बाई, आधी आम्ही हसलो, मग भीती वाटायला लागली. पाणी प्या म्हटलं तर पिईनात, बसा म्हटलं तर बसेनात. शेवटी मी दरडावून थांब म्हणालो, तेव्हा कुठं थांबले. हातांना फोड आलेत. मी लोणी लावलं. ते हात माझ्या हातात परक्यासारखे पडून होते.

माणिक त्यांच्याशी बोलत नाही. शाळेत मुली तिला चिडवतात. मी दोघांना वाढते आणि मागाहून एकटी जेवते. वन्सं, तुम्ही चांगल्या मनानं सुचवलंत, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पण आता काय करू ते सांगा.

आपली,
रत्नप्रभा


(पोस्टकार्ड)
देवरूख, ३१ डिसेंबर १९५२

चि. जयवंत यास अनेक आशीर्वाद. रत्नेचं पत्र आलं. तुझं मला एकही नाही. नाटकाला न्यायचं मी सुचवलं होतं. मला काय ठाऊक रे, तुला काय सोसत नाही ते? सांगितलंस कधी? तुझ्याहून मोठी आहे, कान धरायला येईन. दोन ओळी तरी स्वतःच्या हातानं लिही. – माई


विलेपार्ले,
१० जानेवारी १९५३

ती. सौ. माईस,
जयवंताचा सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. हाताचे फोड बरे झाले म्हणून लिहायला बसलो.

मी परत जायचं ठरवलं आहे. होळीनंतर बोट आहे. डॉक्टर ओळखीचे आहेत, ते पुन्हा मळ्याच्या इस्पितळात घेतील. रत्नेला अजून सांगितलेलं नाही. तू मोडता घालू नकोस, एवढ्यासाठी लिहितो आहे.

इथं मला कुणी वाईट बोललं नाही. सगळे चांगले वागतात, तेच सोसत नाही. रत्ना रोज माझ्या आवडीचं करते. अमुक तुम्हाला आवडायचं ना, म्हणून समोर ठेवते. मी हो म्हणतो. ती ज्याच्यासाठी रांधते तो पानावर येऊन बसत नाही, माई. मी त्याच्या जागी बसून जेवतो. चोरून जेवल्यासारखं वाटतं.

भेटायला येणारे म्हणतात, नशीबवान, वाचलात. त्यांच्या लढाईत रॉकेल मिळत नव्हतं आणि काळे पडदे लावायचे होते. त्यांचा दोष नाही. पण त्यांच्यात बसलो की मला वाटतं, मी अजून त्या रानातच आहे आणि लांबून ह्यांचे आवाज ऐकतो आहे.

पोरीचं नाटक मी मोडलं. तिच्या डोळ्यांना डोळा देता येत नाही. मी गेलो की ती पुन्हा मैत्रिणींत मिसळेल.

आशीर्वाद असावेत. रागावलीस तरी असावेत.

तुझा,
जयवंत


॥ श्री ॥
विलेपार्ले,
२० जानेवारी १९५३

प्रिय आत्या,
माणिकचा शि. सा. न.

आधी तुझ्यावर जाम रागावले होते. आता नाही. आईला दाखवू नकोस असं लिहिणार होते, पण तसं काही उरलेलंच नाही, ते पुढे वाचशील.

रविवारी दुपारी आई हळदीकुंकवाला गेली होती. मी नळावर घसरले आणि टाच पत्र्यानं कापली. रक्त बघून मी किंचाळले. बाबा आले. आत्या, त्यांचे हात एकदम वेगळेच झाले गं! एरवी कप धरतानाही कापतात. जखम धुतली, पट्टी बांधली, कुठं दुखलंच नाही. मी त्यांच्याशी कट्टी होते, पण पट्टी बांधून घेतल्यावर कट्टी कशी ठेवणार? मी विचारलं की त्या दिवशी तुम्ही काय ओरडत होतात.

बाबा म्हणाले, दारं उघडा, बाहेर पळा, असं तमिळमध्ये ओरडत होतो.

मग सगळं सांगितलं. जपान्यांनी मळ्यावर दवंडी पिटली होती की फुकट सिनेमा दाखवणार. मळ्यातले सगळे कुली बायका-पोरं घेऊन गोदामात जमले. बाबांना नाटक-सिनेमाचं वेड, ते मुरुगन नावाच्या मित्राबरोबर सगळ्यांत आधी जाऊन बसले. पडद्यावर नाच सुरू झाला. सगळे हसत होते. मागून दारं लावली. नाच संपला तेव्हा बाहेर लष्करी ट्रक उभे होते. पुरुष तेवढे ट्रकात घातले, बायका-पोरं ओरडत मागं राहिली. मग लोखंडी मालडब्यात कोंडून कित्येक दिवस आगगाडी. पुढं रान, रूळ, आणि पटकी. कंपाउंडर म्हणून बाबांना आजाऱ्यांच्या झोपडीत ठेवलं, पण औषध एक नाही. नुसतं पाणी उकळून पाजायचं आणि सकाळी कोण उरलं ते बघायचं. उरलेल्यांबरोबर बाबांनीही रूळ ओढायचे. हे सांगताना ते रडले नाहीत. मीच रडले.

मग मी ते विचारलं जे आई कधी विचारत नाही. लढाई संपली तेव्हाच घरी का नाही आलात? म्हणाले, थोडेजण मळ्यावर परत आलो. एका ओळीतल्या खोल्यांत राहायचो. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, दारं सगळ्यांची उघडी. तिथंच झोप यायची. मग एकेक करून गेले. गेल्या पावसाळ्यात मुरुगन गेला, तो शेवटचा. मग तिथं कुणी राहिलं नाही, म्हणून आलो.

बाबा हे म्हणाले तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती, हातात वाण. कधी आली होती कुणास ठाऊक. तिनं वाण खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं भांडी आपटेल, पण काहीच आवाज आला नाही.

आत्या, आईनं ऐकलं ते बरं झालं की वाट लागली? मला काही कळत नाही. मी मात्र शाळेत सांगितलंय की माझ्या बाबांना जी हसेल तिच्याशी मी बोलणार नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
माणिक


॥ श्री ॥
विलेपार्ले,
२१ मार्च १९५३

ती. वन्संस,
रत्नप्रभेचे शि. सा. न. वि. वि.

तुमची तीन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही, त्याची क्षमा असावी. लिहिण्यासारखं काय आहे ते मलाच समजत नव्हतं.

माणिकनं कळवलंच आहे. तिथं कुणी राहिलं नाही म्हणून आलो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. इतकी वर्षं मी कपाळाला कुंकू लावून पोस्टमनची वाट पाहिली, ती ह्या वाक्यासाठी, असं त्या दिवशी वाटलं. मुरुगन जगता तर हे आलेच नसते. महिनाभर मी कामापुरतं बोलले. मग ह्यांनी होळीनंतरच्या बोटीचं काढलं. तेव्हा मात्र मी बोलले, वन्सं. चाळीत ऐकू गेलं असेल. मी म्हणाले, जायचं असेल तर खुशाल जा, मी धक्क्यावर येते पोचवायला. पण आमच्या सोयीसाठी जातो असं म्हणू नका. इतकी वर्षं न येऊन आमची सोय तुम्ही पुष्कळ केलीत. हे खाली मान घालून ऐकत होते.

होळी झाली, बोट गेली. हे गेले नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. नाक्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर हवा होता, तिथं जाऊन येतात. बाटल्यांचं टेबल रस्त्यावर उघडं आहे, म्हणून जमतं. बाकी सगळं तसंच आहे. अंथरूण गॅलरीतच असतं. माझ्या घरात एक भला माणूस राहतो, असंच कितीतरी दिवस वाटत होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. हे पलीकडच्या टोकाला बसले होते. एकदम म्हणाले, रत्ना, माझी पत्रं बंद झाली तेव्हा तू काय केलंस?

वन्सं, मला हे आजवर कुणीही विचारलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. सगळ्यांनी धीर दिला, विचारलं कुणी नाही. मग सुरुवात झाली. सिंगापूर पडल्याची बातमी मी कुणाच्या रेडिओवर ऐकली. माणिकला गोवर आला तेव्हा ह्यांचा जुना कोट तिच्यावर घातला होता. माझ्या काकांनी मंगळसूत्र काढून ठेव म्हणून घरी येऊन सांगितलं, आणि मी त्यांना चहा करून दिला. ह्यांचा आवाज आठवेनासा झाला त्या दिवशी मी शिकवते त्या शिवणाच्या वर्गावर जाऊन मुलींना उगाच रागावले. जे स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तांदूळ तसेच राहिले. ह्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, मान वळवली नाही. दिवेलागणीला माणिक आली आणि आम्हाला पाहून पाऊल न वाजवता आत गेली.

बोलून बोलून माझा आवाज बसला. तेव्हा हे उठले, आत जाऊन कोमट पाण्यात मीठ घालून घेऊन आले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, गुळण्या कर, आणि मग पुढचं सांग.

एकटं वाटायचं थांबलं, असं मी लिहिणार नाही. तुमच्याशी खोटं लिहवत नाही. पण मी गुळण्या केल्या, आणि पुढचं सांगितलं.

भावोजींना नमस्कार. उन्हाळ्यात दोघंही या, आता बोलावण्यासारखं घर आहे. ममता असावी.

आपली,
रत्नप्रभा