बुधवारचा उपास

दि. १७ डिसेंबर १९९६

प्रिय सम्राटदादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे खुशाल. तूही पुण्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालते, कारण विचारलं तर तू खरं सांगणार नाहीस.

राळेगणचं पाणलोटाचं काम पाहायला येणारे परदेशी पाहुणे आपल्याही गावाकडे वळायला लागल्यापासून इथली ऐट वाढली आहे. फाट्यापासून डांबरी रस्ता झाला. बन्सीच्या हॉटेलात बाकडी आली. रतनबाईच्या गोधड्या थेट जर्मनीला गेल्या. शेंबडी पोरंसुद्धा ‘हॅलो हॅलो’ करत बसमागं पळतात. मला हे सगळं आवडतं, हे आधीच सांगून टाकते. दुभाषी म्हणून मला बोलावतात, तेव्हा पारनेरच्या कॉलेजात शिकल्याचं चीज झालं असं वाटतं. तुला सहलीच्या कंपनीनं जीपवर ड्रायव्हर म्हणून घेतलं तेही या पाहुण्यांमुळेच.

म्हणून काल तू फोनवर “आईला समजाव, सोमवारची फेरी गेली तर माझी नोकरीही जाईल” म्हणालास, तेव्हा मला उलट बोलवेना. शिवाय टपरीत चार माणसं कान टवकारून उभी होती. पण दादा, तुला या प्रकरणातलं अर्धंच कळलं आहे. बाकीचं लिहायला मला दोनदा कागद फाडावा लागला.

मागच्या खेपेला, तू गाडीवर नव्हतास तेव्हा, सरपंच रंगनाथअण्णांनी ठरवलं, गाव एक आहे हे पाहुण्यांना दिसलं पाहिजे, तेव्हा स्वयंपाक बौद्धवस्तीतल्या बाईच्या हातचा हवा. आई हरखून गेली. पहाटेपासून चुलीपुढे बसली. बाजरीच्या भाकरी, पिठलं, ठेचा. शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली. एकाआड एक पाहुणा आणि गावचा माणूस. जर्मन मंडळींची मांडी घालता घालता तारांबळ उडाली, पण जेवले मात्र मनापासून. गावच्या एकाही माणसानं पत्रावळीला हात लावला नाही.

हिल्डाबाई म्हणून एक म्हातारी पाहुणी होती. तिनं मला विचारलं, हे लोक का जेवत नाहीत? मी अण्णांना विचारलं.

“सांग तिला, आमचा उपास हाय.”

मी तसंच सांगितलं. “सगळ्यांचा?” ती म्हणाली. तेही मी अण्णांना मराठीत सांगितलं. आई भाकरीची टोपली घेऊन तिथंच उभी होती.

“आज तर बुधवार हाय, अण्णा,” आई म्हणाली. “ना एकादस, ना चतुर्थी. कशाचा उपास?”

पंगतीतल्या गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. हिल्डाबाईला पुढचं समजायला माझी गरज पडली नाही.

पाहुण्यांना घेऊन आलेल्या तुझ्या कंपनीच्या अनीश साहेबांनी निघताना अट घातली ती यामुळे. स्वयंपाक आईच्याच हातचा, आणि पाहुण्यांसोबत यजमान जेवले पाहिजेत; नाहीतर कंपनीची गाडी या गावात येणार नाही. मला वाटलं, आई जिंकली. तर घरी आल्यावर ती म्हणाली, “म्या न्हाई भाकर थापायची. ते पाव्हन्यांसाठी खातील. पाव्हने गेले की पुन्हा हायेच.”

तेव्हापासून आपल्या दारात रीघ लागली आहे. बन्सी येऊन गेला. रतनबाई तर गोधड्यांचा गठ्ठा दाखवून रडली, आणि तिचं खोटं नाही, तिचं घर त्यावर चालतं. ज्यांना आपली भाकरी चालत नव्हती, तेच आता भाकरीसाठी आर्जवं करताहेत. मला हसू येतं आणि लगेच असा संताप येतो की काही सुचत नाही.

आज दुपारी खुद्द अण्णा आले. आयुष्यात पहिल्यांदा आईला ‘वहिनी’ म्हणाले.

“सोमवारी आमी समदे जेवतो. शबुद देतो.”

“सोमवार कशाला?” आई म्हणाली. “चूल आज बी पेटलेली हाय. बसा.”

अण्णा बसले, दादा. खरंच बसले. आईनं ताट पुढे ठेवलं. अण्णांनी तुकडा मोडला, बाहेर रस्त्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “पोरी, तेवढं दार लोटून घे.”

मी उठणार होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी बसून राहिले.

“ऱ्हाऊ द्या उघडं,” आई म्हणाली.

अण्णा बराच वेळ तो तुकडा धरून बसले. मग ताटात ठेवला, हात धुतले आणि निघून गेले.

आता सगळं तुझ्यावर आलं आहे. हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल, आणि अनीश साहेबांना काहीतरी सांगावं लागेल. तुझी नोकरी जाईल याची मला भीती वाटते. तरी आईला मी समजावणार नाही. तू साहेबांना काय वाटेल ते सांग. फक्त आई आजारी आहे असं सांगू नकोस. तिला काहीही झालेलं नाही.

आईची आणि तुझीही,
प्रज्ञा