मिठाआधीचा ठिपका

ता. ९ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न.

आनंदाची बातमी! तुझ्या कण्यात जी चकती सरकलीय ना, तसल्याच चकत्यांतल्या पेशी मी प्रयोगशाळेत वाढवते. ओझं उचललं की चकतीतलं पाणी बाहेर जातं नि आतला खारटपणा वाढतो. आडवं झालं की पाणी परत येतं. या ओढाताणीत पेशी थकतात. आमच्या नव्या औषधाने त्या टुणटुणीत राहिल्यात! तेव्हा ऑपरेशनची घाई नको. थोडे महिने कळ काढ.

वहिनीला नमस्कार.

तुझी लाडकी,
बारकी

ता. ३ मार्च

चि. बारकीस, अ. उ. आ.

तुझ्या शब्दाखातर ऑपरेशन पुढे ढकललं. तुझी वहिनी दोन दिवस फुगून बसली होती. तिला म्हटलं, हातात कपाटांचं काम आहे, ते संपू दे. तुझं नाव घेतलं असतं तर तिने तुलाच फैलावर घेतलं असतं!

रंधा मारताना कळ पार पोटरीत उतरते. कालपासून डाव्या पायातली चप्पल निसटते नि मला पत्ताच लागत नाही. औषध कुठवर आलं? वेळेवर जेवत जा.

तुझा सुतार,
दादा

ता. १० मार्च

ती. दादास,

आधी डॉक्टरांकडे जा. वहिनीला फोनवर तेवढंच सांगितलं. पुढचं सांगायची छाती झाली नाही.

चूक माझी आहे. या पेशींना चकतीतल्याइतकं खारट पाणी लागतं. म्हणून प्रत्येक बाटलीत आम्ही जादा मीठ घालतो, नि घातल्यावरच झाकणावर लाल ठिपका देतो. मी शहाणीने वेळ वाचवायला आधी सगळ्या झाकणांवर ठिपके दिले. मग जेवायला उठले नि निम्म्या बाटल्या बिनमिठाच्या तशाच राहिल्या. नेमक्या त्याच, तुलनेसाठी ठेवलेल्या बिनऔषधाच्या पेशींना गेल्या. अळणी पाण्यात त्या फुगल्या, काम करेनाशा झाल्या. मला वाटलं, औषधवाल्या टुणटुणीत आहेत ही औषधाची कमाल! काल उरलेल्या बाटल्यांचा खारटपणा मोजला, तेव्हा डोळे उघडले. आणि प्रयोग खरा असता तरी बशीतल्या पेशी म्हणजे तुझी पाठ नव्हे, एवढी अक्कल मला हवी होती.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना अजून सांगितलेलं नाही. या औषधावरचा आमचा लेख छापायला गेलाय. स्वतःची लाज वाटते रे.

बारकी

ता. २ एप्रिल

चि. बारकीस, आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. कळ थांबली, पाऊल मात्र उचलत नाही. पट्टा बांधून चालतो. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. खोटं कशाला बोलू, तुझा भयंकर राग आला होता. तुझं पत्र वाचून ठेवलं ते आठवडाभर पुन्हा हातात घेतलं नाही.

तुझी वहिनी म्हणते, कामाच्या हावेपायी पाय घालवलात. मी मान डोलावतो. घरचं मी निभावून नेईन. पण तुझ्या बाईंना सांग बाई! तुमचा लेख वाचून आणखी कुणाचा तरी दादा कळ काढत बसायचा.

राग ओसरलाय, माया आहे तेवढीच आहे.

दादा

ता. ९ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न.

आज बाईंना सांगितलं. त्यांनी लेख परत मागवला. माझ्या हातून बाटल्या काढून घेतल्यात, ते योग्यच आहे.

वहिनीलाही सगळं लिहिलंय. ती चिडेल, मला नाही नाही ते बोलेल. तिला अडवू नकोस. पाय तुझा गेला, बोलणी तरी माझी मला खाऊ दे.

बारकी