भरल्या पोटाचं बाळ

९ जानेवारी

आज दवाखान्यातून सुट्टी झाली आणि आम्ही तिघं थेट नव्या क्वार्टरवर आलो. 'तिघं' लिहिताना हसू येतं.

राजदीपला प्लांटकडून हे क्वार्टर मागच्याच महिन्यात मिळालं. लग्नापासून आम्ही पद्मनाभपुरात त्याच्या आईजवळ राहायचो. इथं दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघर, मागं अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. भिंतींना नवा चुना लावलाय, त्याचा वास अजून गेला नाही. राजदीपनं बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आधीच लावून ठेवला होता. मागच्या खोलीत माझ्यासाठी पलंग, त्यावर आईनं साकोलीहून पाठवलेली गोधडी. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं.

सिझरचे टाके दुखतात. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, असं नर्सनं शिकवलं. दूध अजून उतरलं नाही. पोरीला लावत राहा, येईल, म्हणाली. बाबांच्या डायलिसिसमुळे आई येऊ शकत नाही, पण सासूबाई रोज येणार आहेत. सगळेच त्यांना बेबीताई म्हणतात, मीही.

रोज थोडं लिहीन म्हणते. इथं छत्तीसगढात घराबाहेर सगळं हिंदीत चालतं, मराठी लिहायला तेवढंच निमित्त.

पोरगी नाकानं राजदीपवर गेली. बरं झालं.

१२ जानेवारी

मालिशीला मैनाबाई येऊ लागली. वयानं बेबीताईंपेक्षाही मोठी, हात मात्र लोखंडी. छत्तीसगढीत एकटीच बोलत असते, मला अर्धंच समजतं. बाळंतिणीसाठी म्हणून तिनं काढा आणला, त्याला ती कांके पानी म्हणते. कडू आहे, पण अंगात ऊब आली. बेबीताईंनी डिंकाचे लाडू केलेत, मेथीची भाजी रोज असतेच. सगळं दुधासाठी चाललंय.

दूध मात्र येत नाही. पोरगी तोंड लावते, एकदोनदा ओढते आणि सोडून झोपी जाते. रडत नाही. लंगोट वेळच्या वेळी ओले होतात. बेबीताई म्हणतात, गुणाची आहे.

मालिश झाल्यावर मला गाढ झोप लागते. बाळ मागच्या खोलीत उन्हात असतं, मी समोरच्या खोलीत, मालिशीच्या चटईवरच. उठून बघते तर ते जागं, छताकडे बघत असतं. शेजारच्या अंजनाबाई दारातून विचारून गेल्या की मागच्या खोलीत ओल तर येत नाही ना. मी नाही म्हटलं.

१६ जानेवारी

दवाखान्यात दाखवून आलो. वजन चांगलं वाढलंय. नर्सनं माझी पाठ थोपटली, पहिलटकरणींनी तुझ्याकडून शिकावं म्हणाली. राजदीपनं येताना जिलेबी घेतली.

 सकाळी मी वाटीत पिळून बघितलं होतं. वाटीचा तळसुद्धा ओला झाला नव्हता.

१८ जानेवारी

आज बाळाला उचललं तर ओठाच्या कोपऱ्यात दुधाची धार वाळलेली होती. ढेकर काढला तेव्हा खांद्यावर दूध आलं, दाट, किंचित पिवळसर.

मला वाटलं बेबीताई माझ्यामागं डब्याचं दूध पाजतात. विचारलं तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मी कावून देईन वो डब्बा? माहे सगळे लेकरं छातीवरच वाढले. अन् तू त पाजून राहिली ना तिले?"

मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी हो म्हणून मान हलवली.

दुपारी त्यांनी पलंगावरची चादर बदलली. बाळाच्या कडेला चादर ओली होती आणि बाळ कोरडं होतं. त्यांना वाटलं, माझंच दूध गळालं. पण मी त्या पलंगावर सकाळपासून बसले नव्हते.

२० जानेवारी

आज पाहिलं. आजच लिहायला हवं.

राजदीप फर्स्ट शिफ्टला होता, बेबीताई यायच्या होत्या. मालिश करून मैनाबाई गेली. मी झोपले नाही. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, त्याच्या फटीशी उभी राहिले.

पोरगी कुशीवर होती. तिला अजून कुशीवर वळता येत नाही. तोंड उघडं, ओठ बाहेर वळलेले, हनुवटी हलत होती. गिळण्याचा आवाज येत होता. पलंगावर कोणीच नव्हतं. पण तिचा गाल असा चपटा झाला होता, जसा कशावर तरी दाबला गेल्यावर होतो. तिच्यापुढची गादी खाली दबलेली होती, एक माणूस निजल्यावर दबते तेवढी.

मी दार ढकललं. गादी हळूहळू वर आली. पोरीनं तोंड मिटलं, जिभेनं ओठ चाटले आणि माझ्याकडे बघून रडू लागली.

छातीशी धरलं तर तोंड फिरवलं.

२१ जानेवारी

राजदीपला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. अशक्तपणा आहे, करिष्मा, म्हणाला, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग मी अंजनाबाईंकडे गेले. त्यांचे मालक याच गल्लीत राहून रिटायर झाले, त्यांना सगळी क्वार्टरं माहीत. आधी त्या टाळत होत्या. मी बाळाचा गाल कसा दबला होता ते सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातले वाटाणे खाली ठेवले.

आमच्या आधी इथं रुक्मा नावाची बाई राहायची. तिलाही पहिलं बाळ झालं, मुलगा. बाळंतपणानंतर ती गप्प बसून राहायची, मध्येच रडायची, जेवायची नाही. सासरच्यांना वाटलं, ही लेकराचं काही बरंवाईट करेल. ते बाळ गावी घेऊन गेले. रुक्माला इथंच ठेवलं, आराम कर म्हणून.

अंजनाबाई म्हणाल्या, "तिले दूध लय होतं. ब्लाउज भिजून राहे. तशीच दारोदार जाऊन इचारे, कोनाचं लेकरू भुकेलं आहे काय म्हणून. आमी दार लावून घेत होतो वो, पोरी. मीनं बी लावलं."

छातीत गाठी झाल्या, गाठी पिकल्या, ताप चढला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. नवरा बदली घेऊन गेला.

"बाई वाईट नव्हती," त्या शेवटी म्हणाल्या. "तिले फक्त पाजाचं होतं."

घरी येऊन बॅग भरली. राजदीपला म्हटलं, पद्मनाभपुरात नेऊन सोड, कारण काही विचारू नकोस. त्यानं नेलं.

२३ जानेवारी, पद्मनाभपुर

इथं सगळं शांत आहे. पोरगी मात्र पीत नाही.

माझ्याकडे दूध नाही, हे आता सर्वांना कळलं. डब्याचं दिलं तर बाहेर काढते. चमच्यानं, कापसाच्या बोळ्यानं, बाटलीनं देऊन झालं. ओठ घट्ट मिटते. कालपर्यंत रडत होती, आज आवाज बसलाय. डोकं सारखं दाराकडे वळवते.

डॉक्टरांनी टाळूला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, लगेच भरती करा, नळीनं दूध द्यावं लागेल. इतके दिवस नुसत्या उन्हावर वाढली का हो, असंही विचारलं. राजदीप माझ्याकडे बघत होता.

तो पैशाची आणि खाटेची सोय करायला गेलाय. पोरीचे हात गार पडलेत. मला माहीत आहे ती कुठं पिईल.

२३ जानेवारी, दुपारी, क्वार्टरवर

ऑटो करून आले. कोणाला सांगितलं नाही.

तिला पलंगावर ठेवलं. बाहेर आले. दार मीच लोटलं.

भिंतीला पाठ लावून बसले. आधी काहीच नाही. मग पलंगाची फळी करकरली. मग गिळण्याचा आवाज — घुटका, श्वास, घुटका.

मला रडू आलं. घाबरून नाही. मी दाराला हात जोडले.

२६ जानेवारी

पोरगी गुटगुटीत दिसते. नळीची गरज पडली नाही, तरी राजदीप माझ्याशी नीट बोलत नाही. न सांगता पळालीस म्हणतो.

आज बेबीताईंनी पाहिलं की भूक लागली की मी बाळाला त्या खोलीत ठेवते आणि दार लावते. विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

पोरगी आता माझ्याकडे असली की अंग ताठ करते. खोलीत नेलं की सैल सोडते.

२९ जानेवारी

आता ती दिसते. उजेडात, थोडीशी. पाठ माझ्याकडे. केस मोकळे, मानेशी घामानं चिकटलेले. ब्लाउज पुढून काळपट ओला असणार, कारण फरशीवर थेंब —

तिनं मान वळवली नाही. मी म्हटलं, ताई, थोडा वेळ मला द्या. तिनं बाळाला आणखी जवळ ओढलं.

बाळ हसलं. पहिलं हसू. तिच्याकडे बघून.

३१ जानेवारी

स्वयंपाकघरात राजदीप आणि बेबीताई हळू बोलत होते. ऐकलं. बाळ काही दिवस पद्मनाभपुरात राहील, दवाखान्यात नळीनं पाजून घेऊ. करिष्मा इथंच राहील. आराम करेल.

मी म्हटलं, असंच रुक्माचं केलं होतं.

बेबीताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, तुले आराम पाहिजे. लेकरू आमी पाहतो."

त्या प्रेमानंच म्हणाल्या. रुक्मालाही कोणी प्रेमानंच —

मागच्या खोलीत गिळण्याचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

१ फेब्रुवारी

दूध आलं.

सकाळी उठले तर ब्लाउज भिजलेला. छाती दगडासारखी, हात लावला की धार. एवढे दिवस ज्याच्यासाठी — धावत खोलीत गेले. पोरीला घेतलं, लावलं. तोंडात थेंब गेला. तिनं तो थुंकून टाकला. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हात पसरले.

बाहेर गाडी थांबली. गाडी आणायला गेलेला राजदीप, सोबत बेबीताई. पुढचं दार वाजवताहेत. राजदीप म्हणतो, उघड, आम्ही फक्त बाळाला नेतो, तू झोप.

मी उघडायला गेले. खरंच गेले. दोघींना न्या, म्हणणार होते. कडी आतून लागलेली आहे. मी लावली नव्हती. दोन्ही हातांनी ओढली, सरकत नाही. कडी गार आणि ओली आहे. बोटांना दुधाचा वास —

परत पलंगावर येऊन बसले. डाव्या हातात बाळ, उजव्यानं लिहितेय. नंतर माझं कोणी खरं मानणार नाही.

राजदीप आता खांद्यानं दार ठोकतोय. मी ओरडून सांगितलं, कडी निघत नाही. तो म्हणतो, करिष्मा, बाळाला खाली ठेव.

शेजारी गादी दबली. एकदम जवळ. माझ्या दंडाला तिचा ओला दंड लागतोय.

मी म्हटलं, ताई, त्यांना नेऊ देणार नाही, तुमची शपथ, पण ही माझी आहे. आता माझ्याकडेही दूध आहे, बघा —

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला दया आली. मला कळतं, तिला माझी दया आली. तिनं हात पुढं केले.

नाही. मी धरून ठेवलंय. घट्ट धरलंय. पण कुशीतलं वजन — हलकं होतंय — दुपटं तसंच आहे, गाठ तशीच, आणि आत —