एक डिस्क तुझी, एक आमची

प्रिय भूषण,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत, म्हणजे भावाबरोबर वहिनीलाही ब्लॉक केलंस. बरं केलंस बाबा! म्हणून ही चिठ्ठी अमृतच्या हाती देते. तो रोज जळगाव-धुळे गाडीवर असतो, आणि उघडून वाचलीस तर तुझी धडगत नाही हे त्याला सांगून ठेवलंय. रागानं फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय ते कर.

अमृत सांगत होता, भावानं वाटणीत खराब डिस्क गळ्यात मारली असं तू बोलतोस. लावली की कॉम्प्युटर म्हणतो, फॉरमॅट करा. भूषण, तुझी डिस्क खराब नाही रे. भावानं तुला फसवलंही नाही. फसलो आपण सगळेच, नानांसकट. स्टुडिओची वाटणी करायला नाना पारोळ्याहून आले होते ना? कॅमेरे दोन, एक तुला, एक ह्यांना. लाईट, छत्र्या, पडदे, तसंच. मग कॉम्प्युटर उघडला, तर विंडोजची छोटी डिस्क वेगळी आणि फोटो-व्हिडिओच्या मोठ्या दोन, अगदी सारख्या. एक गेली तर दुसरी असावी म्हणून दोन प्रती ठेवल्या असणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं. नानांनी मांडीवर थाप मारली, "बठ्ठं सारखं शे!" म्हणाले आणि सगळं सारखं वाटलं गेलं या खुशीत चहा मागवला. एक डिस्क तू पिशवीत घालून धुळ्याला नेलीस, एक इथे राहिली.

त्यात काय होतं ते तुला मी सांगायला नको. लोकांची लग्नं नि साखरपुडे गेले चुलीत. आपली मेघा होती. फोटो भिंतीवर आहेत, पण आवाज फक्त तिथेच. ज्या फोनमध्ये होता तो दवाखान्याच्या धावपळीत रिक्षात राहिला तो राहिलाच. तूच शूट केलं होतंस, स्टुडिओतला माईक धरून ती बातम्या देते, आणि आमच्या काकाला बायको मिळेना म्हणून तुझी टर उडवते. पुढच्याच पंधरवड्यात डेंग्यूनं नेली. तिचा चेहरा मला दिसतो, पण आवाज आठवायला गेले की माझाच ऐकू येतो. आईला असं व्हावं का रे?

दिवाळीनंतर आपल्या जुन्या मशीनवर नवं विंडोज चढेना. जुनं काढावं तर अल्बमचं सॉफ्टवेअर बंद पडतं. मग ह्यांनी ठरवलं, विंडोज आहे तिथे राहू दे, शेजारी लिनक्स टाकू, फुकट आहे, इंटरनेटची कामं त्यावर करू. जागा हवी म्हणून वाटणीतली डिस्क घेतली; मेघाला बघवणार नाही म्हणून ती तोवर आम्ही उघडलीच नव्हती. मी तेव्हा बोदवडला, माहेरी. लिनक्सनं बिचाऱ्यानं विचारलं होतं म्हणे, ही डिस्क एका जोडीतली आहे, रेड का काय ते, पुसायची का? ह्यांनी 'हो' दाबलं. घाबरतील कशाला? दुसरी प्रत भूषणकडे आहे ना! नंतर लग्नसराईचं सगळं शूटिंग त्याच डिस्कवर काठोकाठ भरलं.

तुझं बोलणं कानावर आलं तेव्हा मला शंका आली. मशीन ज्यांनी जोडून दिलं होतं त्या भाईदासभाऊंकडे एकटीच गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, वहिनी, त्या दोन प्रती नव्हत्याच. काम भराभर व्हावं म्हणून प्रत्येक व्हिडिओचे तुकडे करून एक या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर, असं लावलं होतं. एकटी डिस्क उघडायचीच नाही. जोडी शाबूत असती तर बसल्या जागी काढून दिलं असतं. मी विचारलं, आणि आता? तर ते माझ्यासाठी पाणी आणायला उठले.

म्हणजे तुझ्याकडे मेघाचा निम्मा आवाज आहे, आणि निम्मा तिच्या बापानं स्वतःच्या हातानं पुसलाय. त्यांना हे ठाऊक नाही. भाईदासभाऊंना मी मेघाची शपथ घातली आहे.

ह्यांना वाटतं, सगळं तुझ्याकडे आहे आणि तू रागापायी देत नाहीस. तुला शिव्या घालतात, पण त्या शिव्यांवरच चार घास पोटात जातात. पोरीला दवाखान्यात उशिरा नेलं या घोरानं गेल्या वर्षी ते गिरणेच्या पुलावर जाऊन उभे राहिले होते. मी हाताला धरून घरी आणलं. कुणाला बोलले नाही, आज तुला सांगते. आता हे कळलं तर माझ्यानं ते आवरायचे नाहीत. रविवारी ते धुळ्याला निघालेत. थोरपण बाजूला ठेवून तुझे पाय धरायला, आपल्या वाटणीचा कॅमेराही तुला द्यायला. तुला भडभडून येईल, लहानपणापासून तू तसाच आहेस. पण विरघळू नकोस. डिस्क खराब आहे असं आजपासून कुणाला म्हणू नकोस, अमृतलाही गप्प कर. सगळं माझ्याकडे आहे पण देणार नाही, एवढं दाराआडूनच सांग. तुझ्या लग्नात आम्ही नसू, तुझी पोरं मला ओळखणार नाहीत. काळीज फाटतं रे, पण तेही सोसेन. मेघाचा आवाज धुळ्याला धाकट्याच्या कपाटात आहे, असं त्यांना मरेपर्यंत वाटू दे. ते हाका मारतील, रडतील. तू दार उघडू नकोस.

तुझीच,
कोकिळा वहिनी