व्हय म्हाराजा आणि स्वल्पविराम

तोंडवली,
श्रावण वद्य तृतीया, सन १९५९

चि. भाई यास थोरल्या अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि कचेरीतून निवृत्त झाल्यापासून वाढलेले तुझे शहाणपण, तिन्ही ठीक असतील. मी बरी आहे. पत्र माझी नात तुळसा लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, पण तोंड आहे.

तुझे कार्ड पोचले. तुळसा मॅट्रिकला इंग्रजीत चार मार्कांनी राहिली, तर तू गुरुदासाला लिहिलेस की वाक्याच्या तोंडी आलेल्या शब्दांनंतर स्वल्पविराम द्यायचा एवढेही पोरीला कळत नाही, शाळा पुरे, आता स्थळ बघा. (मी सांगितलेले एक काम दहा वर्षांत न करणारा माझा मुलगा तासाभरात स्थळ बघायला बाहेर पडला.)

मी तुळसाला विचारले, "काय गो, ह्यो स्वल्पविराम म्हणजे काय?" म्हणाली, "आजये, घटकाभर थांबायची खूण." एवढेच ना? आपल्या देवळात गावकर गाऱ्हाणे घालतो तेव्हा आधी काय म्हणतो? "बा देवा म्हाराजा, आज ह्या दिसाक, ह्या जाग्यार, सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..." मागणे अजून आलेलेच नसते, नुसते कधी, कुठे, कोण. तिथे तो दम घेतो, सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात, आणि मग मागणे. इंग्रजांचेही तेच निघाले. 'आफ्टर द रेन', व्हय म्हाराजा, मग छपराचे काय झाले ते. छप्पर आधी सांगितले आणि पाऊस मागून आला, तर मात्र थांबायचे नाही. मागणे घालून झाल्यावर कसले व्हय म्हाराजा?

तेव्हापासून तुळसा पुटपुटत खुणा देते. सोमवारी शाळेतल्या सराव परीक्षेत जरा मोठ्याने पुटपुटली, तर मागच्या दोन बाकांनी सवयीने साथ दिली. हरिश्चंद्र मास्तर तणतणत घरी आले. मी त्यांना बसायला पाट दिला आणि विचारले, खुणा बरोबर की चूक? मास्तर म्हणाले, "बरोबर आहेत हो आजी, पण आता साऱ्या वर्गाच्याच बरोबर आल्यात! कोणी कोणाचे बघितले, सांगा?"

गुरुदास म्हणतो, गुरुवारी स्थळ येणार. येऊ दे, नारळ देऊन वाटेला लावीन. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म गेला. पालकाच्या सहीच्या जागी माझा अंगठा आहे. पुसून दाखवा म्हणावे.

तुझी,
अक्का

ता. क. स्वल्पविराम मी शिकवला. निबंध आणि भाषांतर मात्र माझ्या हातचे नाही. तू कचेरीत तीस वर्षे साहेबाचे इंग्रजी सुधारलेस, आता तुळसाचे सुधार. परीक्षा होईपर्यंत ती तुझ्याकडे राहील. हे मी विचारत नाही, कळवते आहे.

आणखी ता. क. पत्रावर तिकीट नाही हे तुझ्या ध्यानात आले असेल. पत्र आणून देणारी मुलगी ट्रंक घेऊन पायरीवर उभी आहे. वाचून झाले असेल तर दारातून बाजूला हो.